टेंपोत मोटरसायकल चढवायची, बांधायची आणि धड पोचवायची कशी

दीड टन माल वाहायला बनवलेल्या पिकअपमध्ये दोनशे किलोची एकच मोटरसायकल घातली, तर टेंपोच्या लेखी तो रिकामाच असतो. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा, दबत नाहीत. प्रत्येक गतिरोधकावर हौदा उसळतो आणि त्याच्यासोबत गाडीही उसळते. उसळली की दोरी क्षणभर सैल पडते, आकडा कडीतून निसटतो आणि पुढच्या वळणावर गाडी फाळक्यावर रेलते. म्हणजे गाडी पडते ती अपघाताने नाही, तर शंभर-दोनशे किलोमीटरच्या बारीक बारीक धक्क्यांनी. त्यामुळे मोटरसायकल नुसती बांधून भागत नाही, ती स्वतःच्याच शॉकअपवर दाबून ठेवावी लागते. खाली जे काही सांगितलंय त्यातलं बरंचसं या एका कारणातून निघतं.

टेंपो कोणता

आधी गाडीची लांबी मोजा. रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ घेतली, तर लांबी २१९० मिमी, रुंदी ८४० मिमी आणि वजन १९९ किलो. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा हौदा साधारण २२०० मिमी लांब. कागदावर गाडी बसते, पण पुढचं चाक केबिनमागच्या भिंतीला टेकवलं की मागे फाळक्यापाशी बोटभर जागाही उरत नाही. मग टेंपोवाला सांगतो, ‘फाळका उघडाच ठेवू, साखळीवर.’ हे मान्य करू नका. त्यापेक्षा गाडी किंचित तिरकी, कोपऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि फाळका बंद करा. तिरक्या गाडीला दोन्ही बाजूंचे बेल्ट सारख्या कोनात मिळत नाहीत, एवढी एक अडचण राहते. शहरातल्या शहरात चालून जाईल. पुण्याहून गोव्याला जायचं असेल तर नऊ फुटी हौद्याची बोलेरो पिकअप किंवा तशीच दुसरी गाडी ठरवा.

टेंपो ठरवताना भाड्याआधी आणखी एक गोष्ट विचारा: हौद्याच्या आत बांधायला कड्या आहेत का, आणि कुठे? बऱ्याच टेंपोंना बाहेरून, फाळक्याखाली हूक असतात. तिथून बेल्ट घेतला तर तो फाळक्याच्या कडेवर घासतो आणि घाटात तासाभरात पट्टीचे धागे सुटू लागतात. बाहेरचाच हूक वापरायची वेळ आली तर कडेवर जुन्या ट्यूबचा तुकडा दुहेरी करून ठेवा. हौद्याचा पत्रा कुजलेला असेल तर कडी हाताने हलवून बघा. हलली तर ती नाही असंच समजा.

दोन गाड्या न्यायच्या असतील तर हँडलचं गणित आडवं येतं. दोन हिमालयन शेजारी शेजारी म्हणजे १६८० मिमी, आणि पिकअपचा हौदा जेमतेम तेवढाच रुंद. दोन्ही हँडलं एका रेषेत आली की ती एकमेकांवर आपटणारच. नऊ फुटी हौद्यात एका गाडीमागे सुमारे ५५ सेंटिमीटर जागा उरते, तिचा उपयोग करा. दुसऱ्या गाडीच्या पुढच्या चाकापुढे सव्वा फुटाची भक्कम लाकडी चौकट किंवा एकावर एक ठोकलेले ठोकळे घाला, म्हणजे ती तेवढी मागे सरकते आणि तिचं हँडल पहिलीच्या टाकीशेजारी येतं. प्रत्येक गाडीचे बेल्ट वेगळे ठेवा. एक गाडी दुसरीला बांधली की एक कलली तर दोन्ही जातात.

सामान

- रॅचेट बेल्ट (दांडी मारून कसायचे पट्टे) ६: दोन पुढे, दोन मागे, एक मागच्या चाकाला, एक जादा. रुंदी ३५ मिमी चांगली. २५ मिमीचे हलक्या डर्ट बाइकला चालतात. पट्टीवर शिवलेल्या लेबलावर ‘एलसी’पुढे आकडा असतो, म्हणजे बेल्ट झेलू शकेल ती ओढ, डेकान्यूटनमध्ये. एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोची ओढ. लेबल नसलेला बेल्ट घेऊ नका.
- मऊ लूप ४: फूट-दीड फुटाचे शिवलेले पट्टे. ते गाडीच्या भागाभोवती जातात आणि बेल्टचा आकडा त्यांच्यात अडकतो, म्हणजे लोखंड रंगाला लागत नाही.
- फळ्या २: २ इंच जाड, किमान १० इंच रुंद, ८ ते ९ फूट लांब, मधे गाठ नसलेल्या. किंवा तेवढ्याच लांबीचा ॲल्युमिनियमचा रॅम्प.
- ३×३ इंची लाकडी ठोकळे, खिळे, गोणपाट, जुनी ट्यूब, हातमोजे.

गाडीची तयारी

आरसे काढा. बॅगा, टॉप बॉक्स, मोबाइलचा होल्डर सगळं उतरवा. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको. उन्हात तापलेली भरलेली टाकी वाफ आणि पेट्रोल दोन्ही बाहेर टाकते. रेल्वेच्या पार्सलला टाकी पूर्ण रिकामी करावीच लागते. टेंपोला तशी सक्ती नाही, म्हणून लोक टाकी फुल्ल करून आणतात, ते टाळा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा, नाहीतर हलून हलून कार्ब्युरेटर भरून वाहतो. टायरमध्ये नेहमीची हवा ठेवा. हवा कमी असलेला टायर वाटेत आणखी दबला की बेल्ट सैल पडतात.

चारही बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचाही. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी नसून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही असेल, तर आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. पण गाडी चढवण्याआधी ती कशी होती हे दाखवता आलं पाहिजे. तुम्ही टेंपोबरोबर जाणार नसाल तर आरसी आणि विम्याची प्रत ड्रायव्हरकडे द्या.

चढवणं

हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असतो. फळी उंचीच्या किमान तिप्पट लांब हवी, म्हणजे चढ वीस अंशांच्या आत राहतो. सहा फुटी फळीवर तोच चढ तीस अंशांपर्यंत जातो आणि इंजिनखालची प्लेट हौद्याच्या कडेवर बसते. पुढचं चाक वर, मागचं अजून फळीवर आणि पोट कडेवर टेकलेलं! अशी गाडी अडकली तर ना पुढे जाते ना मागे.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय जागेचा. शेताचा बांध, मुरमाचा ढीग, मार्केट यार्डातला ओटा, चढाचा रस्ता, काहीही चालेल. टेंपोची मागची चाकं खड्ड्यात किंवा उताराच्या खालच्या बाजूला आली की हौदा आपोआप जमिनीच्या जवळ येतो. पाच मिनिटं जागा शोधण्यात गेली तरी चालतील. मार्केट यार्डाच्या ओट्यावरून तर कित्येकदा फळीच लागत नाही.

फळी निसटणं हा चढवतानाचा सगळ्यात वाईट प्रकार. तो का होतो हे समजून घ्या. पुढचं चाक हौद्यात पोचलं आणि मागचं चाक फळीवर आलं की इंजिनचा जोर त्या चाकातून फळीला मागे ढकलतो. फळी नुसती टेकवलेली असेल तर ती गाडीखालून मागे पळते. म्हणून फळीच्या वरच्या टोकाला दोन भोकं पाडा आणि बेल्टाने टेंपोच्या चेसिसला किंवा हूकला पुढच्या दिशेने ताणून बांधा. पावसाळ्यात फळीवर गोणपाट खिळ्यांनी ठोकून घ्या. ओल्या लाकडावर टायर आणि बूट दोन्ही घसरतात.

दुसरी फळी शेजारी लावायची, ती माणसासाठी. गाडीवर बसून चढवू नका. मधेच इंजिन बंद पडलं तर दोन्ही बाजूंना पाय टेकायला जमीनच नसते.

तीन माणसं लागतात. एक गाडीच्या डावीकडे, दुसऱ्या फळीवरून चालणारा, हँडल धरलेला. दुसरा मागून पण बाजूला उभा राहून ढकलणारा; ऐन मागे कुणीही उभं राहू नये. तिसरा हौद्यात, पुढचं चाक आलं की हँडल सरळ ठेवणारा. टेंपोचा हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये, इंजिन चालू, क्लच अर्धा सोडून चालण्याच्या वेगात. रेस वाढवायची नाही. मागचं चाक कडेवर चढताना जरा जास्त जोर लागतो, तेव्हाच मागचा माणूस ढकलतो. दीडशे किलोच्या आतली गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून तिघांनी ढकलणं सोपं जातं.

गाडी मधेच थांबली तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. चढावर सगळं वजन मागच्या चाकावर येतं, पुढचं चाक हलकं होतं आणि ब्रेक दाबलेला असतानाही घसरतं. अशा वेळी इंजिन बंद करा आणि क्लच सोडून द्या. गिअरमधली गाडी मागच्या चाकानेच जागच्या जागी थांबते. हाच मागचा ब्रेक उतरवतानाही कामाला येतो.

बांधणं

साइड स्टँडवर उभी करून बांधायची पद्धत टेंपोवाल्यांत फार आहे. वरून ताण दिला की सगळा दाब स्टँडवर येतो. मग स्टँड वाकतो, त्याच्या मुळाशी वेल्डिंग तडकतं किंवा टोकाने हौद्याचा पत्रा दबून गाडी कलते. मेन स्टँडवर तर मागचं चाक अधांतरीच राहतं. दोन्ही स्टँड वर, गाडी दोन चाकांवर सरळ उभी, एक माणूस ती धरून.

पुढचं चाक केबिनमागच्या भिंतीला भिडवा. मधे जुना टायर घालतात, गाडीला मार लागू नये म्हणून. माझ्या मते तो नकोच. टायर दबतो, परत फुगतो आणि प्रत्येक दबण्याबरोबर बेल्टचा ताण जातो. भिंतीला जाळी असेल आणि चाक तिच्यात घुसत असेल तर मधे जाड फळी ठेवा. चाकाच्या दोन्ही बाजूंना ३×३ चे ठोकळे खिळ्यांनी ठोका, म्हणजे चाक आडवं सरकणार नाही. हौद्याचं तळ पत्र्याचं असेल तर आधी एक फळी टाका आणि ठोकळे त्या फळीवर ठोका.

आता पुढचे दोन बेल्ट. मऊ लूप घालायची जागा म्हणजे दोन्ही फोर्क जिथे एकत्र धरलेले असतात तो खालचा टी. हँडलच्या टोकांना बांधू नका. हँडल वाकतं, आणि रबरावर बसवलेलं हँडल ताणाखाली फिरत राहतं. लूपमध्ये वायर, ब्रेकचा पाइप किंवा क्लचची केबल अडकली नाही ना हे हात घालून बघा. दोन्ही बेल्ट खाली, पुढे आणि बाहेरच्या बाजूला साधारण ४५ अंशांत जायला हवेत. सरळ खाली गेले तर गाडी आडवी डोलते, फार आडवे गेले तर दाब पुरत नाही.

रॅचेट वापरताना पट्टी रॉडच्या खाचेतून ओवा आणि आधी हाताने ओढून सगळी ढील काढा. मग दांडी मारा. रॉडवर किमान दोन वेढे बसले पाहिजेत, पण चार-पाच झाले की यंत्र अडकतं आणि सोडताना हातोडी लागते. म्हणून ढील आधी काढायची. एक बाजू पूर्ण कसून मग दुसरी कसायची नाही. डावीकडे तीन दाते, उजवीकडे तीन, असं करत जा. समोर उभं राहून टाकीची मधली रेघ केबिनच्या उभ्या कडेशी जुळते का ते बघत राहा.

किती कसायचं? एक्सलपासून खालच्या टीपर्यंतचं अंतर गाडी उभी असताना टेपने मोजा. हिमालयनच्या पुढच्या शॉकअपचा प्रवास २०० मिमी. अंतर ६५ ते ८० मिमीने कमी झालं, म्हणजे सुमारे एक तृतीयांश दबलं, की थांबा. कमी दाबलं तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात शॉकअप आणखी दबून बेल्ट लोंबतो. पूर्ण तळापर्यंत दाबलं तर धक्का घ्यायला जागाच उरत नाही. तो थेट बेल्टवर, हूकवर आणि ऑइल सीलवर जातो. लांब प्रवासाच्या शॉकअपच्या डर्ट बाइकला टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मापाचा लाकडी ठोकळा घालता येतो, तो जास्त दबू देत नाही. ज्यांचं मडगार्ड टायरला चिकटून आहे त्यांना हे चालत नाही.

मागचे दोन बेल्ट मागच्या बाजूला आणि खाली ओढणारे. त्यांची जागा मागच्या फूटरेस्टचे ब्रॅकेट किंवा सीटखालची फ्रेम. कॅरिअर, सायलेन्सर, इंडिकेटरचा दांडा, चाकाचे स्पोक यांना बांधू नका. मागचे बेल्ट पुढच्यांइतके कसायचे नाहीत. मागचं चाक उडू नये एवढं पुरे. सगळ्यात शेवटी पाचवा बेल्ट मागच्या चाकाच्या रिमभोवती आडवा, दोन्ही बाजूंच्या कड्यांना. तो नसेल तर खराब रस्त्यावर मागचं टोक इंच इंच सरकत जातं. हे झालं की गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला, हँडल लॉक करू नका आणि बेल्टांची उरलेली टोकं गुंडाळून गाठ मारा.

जोर किती येतो याचा अंदाज असू द्या. माल बांधण्याच्या युरोपीय मापदंडात, ईएन १२१९५ मध्ये, पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, मागे आणि बाजूंना ०.५ पट जोर धरतात. १९९ किलोच्या गाडीसाठी जोरदार ब्रेकला सुमारे १६० किलो पुढे आणि वळणावर शंभर किलो आडवे. पुढचे १६० चाक आणि भिंत झेलतात. आडवे शंभर मुख्यतः बेल्टच झेलतात, म्हणून बाहेरच्या बाजूचा तो कोन महत्त्वाचा.

बेल्ट नसतील आणि दोरीच असेल, तर काथ्याची नको, ती भिजली की आखडते आणि वाळली की ढिली पडते. नायलॉनची १० मिमीची घ्या. ट्रकवाले मारतात ती गाठ मारा: दोरी गाडीला बांधून मधे एक सरकफासाचा डोळा करा, मोकळं टोक हूकखालून घेऊन त्या डोळ्यातून परत ओवा आणि खाली ओढा. डोळा कप्पीसारखं काम करतो आणि हाताच्या जोरापेक्षा बराच जास्त ताण मिळतो. टोक डोळ्यापाशी दोन अर्ध्या गाठींनी बंद करा. वाटेत मात्र दर अर्ध्या तासाला उतरून कसावी लागेल.

ताडपत्री गाडीवर थेट टाकू नका. वाऱ्याने ती फडफडते आणि खालची धूळ टाकीचा रंग पॉलिश पेपरसारखी घासते. झाकायचंच असेल तर आधी जुनी चादर घट्ट गुंडाळा.

वाटेत

पाट्यांची उसळी कमी करायला हौद्यात, मागच्या एक्सलच्या आसपास, वाळूची सात-आठ पोती टाकता येतात. सुमारे ३५० किलो वजन पिकअपला काहीच नाही, पण हौद्याची चाल पार बदलते. पोती गाडीला टेकवू नका आणि तीही बांधा.

पहिली तपासणी १०–१५ किलोमीटरवर. तोवर लूप बसतात, लाकूड दबतं आणि बेल्ट एक-दोन दाते नक्की घेतात. त्यानंतर दर चहाला, आणि घाट उतरल्यावर: खंबाटकी, आंबोली, चोर्ला, जो असेल तो. ड्रायव्हरला स्पष्ट सांगा की गतिरोधकावर वेग पूर्ण काढायचा. गाडी धरायला म्हणून हौद्यात माणूस बसवू नका. ते नियमात बसत नाही आणि गाडी कललीच तर तो तिच्याखाली येतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, टेंपोतून मात्र ती ऐटीत जाते.

ट्रेलर आणि एटीव्ही

जीपमागे छोटा ट्रेलर जोडून नेत असाल तर तो आरटीओकडे स्वतंत्र नोंदवलेला हवा. इथे वजन पुढे-मागे कसं पडतं ते सगळ्यात महत्त्वाचं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे जीपमागच्या जोडणीच्या, गोळ्यावर यायला हवा. एकूण ४०० किलो असतील तर ४० ते ६०. घरातला वजनकाटा ट्रेलरच्या दांड्याखाली ठेवून मोजता येतं. गाडी मागे सरकवून ठेवली की हा भार कमी होतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. डोलला तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे दांडा सुटला तर त्यांच्यावर पडेल, रस्त्यावर नाही.

एटीव्हीला, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या चारचाकी बाइकला, दोन रॅम्प, पार्किंग ब्रेक, आणि चार कोपऱ्यांना चार बेल्ट. पुढे-मागे असलेल्या रॅकना न बांधता चाकामागच्या आर्मला किंवा फ्रेमला बांधा.

उतरवणं

आधी मागचे बेल्ट सोडा, मग चाकाचा. पुढचे दोन शेवटी, आणि ते सोडण्याआधी दोन माणसांनी गाडी धरलेली हवी. दाबलेला शॉकअप एका बाजूने सुटला की गाडी दुसऱ्या बाजूला झटका देते. रॅचेटची दांडी उघडताना चेहरा तिच्या रेषेत ठेवू नका.

गाडी मागच्या चाकाने खाली, तोंड हौद्याकडे. इंजिन बंद, पहिला गिअर, एक माणूस हँडलपाशी, दुसरा मागे बाजूला. क्लच थोडा दाबला की गाडी सरकते, सोडला की थांबते. अशी इंच इंच उतरवा. खाली आल्यावर हँडल सरळ आहे का, फोर्कवर तेल पाझरलंय का, ब्रेकचे पाइप कुठे दबलेत का ते बघा, आरसे लावा आणि मगच स्टार्टर दाबा. फोर्क पिळल्यासारखा वाटला तर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करता येतं का बघा. नाहीच झालं तर एक्सल आणि टीचे नट सैल करून, दोन-चार वेळा पुढून दाबून पुन्हा कसावे लागतात.